डॉक्टर येऊन गेल्यावर

ऑफिसातल्या ताई माझ्या स्क्रीनवर तळहात ठेवायच्या. टूलचं नाव हाताखाली झाकायच्या, खालचं वर्णन तेवढं दाखवायच्या आणि विचारायच्या, "आता सांग, हे कशाचं हाय?" मला सांगता आलं नाही, की ते वर्णन पुसलं जायचं. "त्याला आपला चेहरा दिसत नाय रे. आपण लिहिलं तेवढंच दिसतं त्याला."

'त्याला' म्हणजे फोनवर माणसासारखं बोलणाऱ्या एआय एजंटला. जालना रोडवरच्या आमच्या ऑफिसात एका दूध संघासाठी तो तयार होत होता. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्यानं फोन करायचा, एजंटनं तो घ्यायचा, मराठीत बोलायचं आणि डॉक्टरांची भेट ठरवायची. भेट ठरवायला एक टूल, म्हणजे छोटा प्रोग्राम, वेळ बदलायला दुसरं, काम झाल्यावर भेट बंद करायला तिसरं. कुठलं टूल कधी वापरायचं, हे एजंट त्याचं वर्णन वाचून ठरवतो. ती वर्णनं ताई लिहायच्या. मी शेजारी बसून तपासायचो, कधी एखादं लिहायचोही.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं कुणी असेल, ज्याच्यापुढं ठेवायच्या आधी आपला मजकूर आपण दोनदा वाचतो. मी एकदा 'तारीख द्या' असं लिहून नेलं.

"कशाची तारीख? फोन केल्याची का डॉक्टर यायची?"

"शहाण्याला कळेल की, ताई."

"शहाण्यासाठी लिहायचं तर आपल्याला पगार कशाला देतेत?"

त्यांचं माहेर पाचोडचं. वडिलांच्या गोठ्यात अजून जनावरं होती. दुपारी डबा खाताना वडिलांचा फोन आला, की ताईंची भाषा एकदम गावाकडची व्हायची. कोणती गाय व्याली, कोणती चारा खात नाही, सगळं विचारून झाल्यावर मग आईची चौकशी.

एजंट सुरू झाला आणि उन्हाळ्यात सोयगावकडून तक्रार आली. तिथल्या एका धनगर कुटुंबाची गाय वासरू झाल्यावर अशक्त होऊन बसली होती. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले आणि सकाळी पुन्हा येतो म्हणाले. संध्याकाळी घरातल्या बाईंनी फोन केला, "डॉक्टर येऊन गेले, पण गाय उठंना." एजंटनं त्यांचे आभार मानले आणि भेट बंद केली. त्यामुळे डॉक्टरांच्या यादीतून सकाळची फेरी निघून गेली. घरचे वाट पाहत राहिले. दुपारी गाय मेली.

आम्ही वर्णन उघडून पाहिलं. 'डॉक्टर येऊन गेल्यावर भेट बंद करण्यासाठी.' एवढंच होतं. बाकीची वर्णनं चांगली अर्ध्या पानाची, आणि हे एका ओळीचं.

ताईंनी ते वाचलं आणि खुर्ची भिंतीकडं वळवली. भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "मी गोठ्यात वाढले. डॉक्टर गेला म्हणजे जनावर बरं झालं असं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणूनच लिहिलं नाय. वाटलं, हे काय लिहायचं?"

संघाच्या लोकांबरोबर बैठक झाली. आमच्या साहेबांनी 'तांत्रिक बिघाड' असं म्हटलं. ताईंची मान खालीच होती. "बिघाड नाय, साहेब," त्या म्हणाल्या. "सांगितलं तसंच त्यानं केलं. सांगणारी मी." साहेबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की मीच नजर टेबलावर वळवली.

रविवारी त्या सोयगावला निघाल्या. एकट्या कशा जाणार, म्हणून मीही गेलो. अजिंठ्याचा घाट उतरून आम्ही त्या बाईंच्या घरी पोचलो.

बाईंनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं. दावणीला एकटं वासरू होतं.

"ते फोनवरचं मी लिहिलं होतं," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळं झालं."

बाईंना आधी नीट कळलं नाही. मग म्हणाल्या, "मशीनच ती. तिला काय कळतंय, माय."

"तिला नाय कळत. मला कळत होतं."

बाईंनी वासराकडं पाहिलं. मग विचारलं, "तुमच्याकडं जनावरं हायेत का?"

"हायेत. वडिलांकडं."

"मग तुम्हाला काय सांगावं," असं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. त्यांनी रागानं बोलायला हवं होतं, असं मला वाटलं. कोरा चहा आला. ताईंचा कप ओठांपर्यंत जायचा आणि परत खाली यायचा. निघताना त्यांनी वासराकडं पाहिलंही नाही.

परतल्यावर त्यांनी भेट बंद करायच्या टूलचं वर्णन नव्यानं लिहिलं. पाचोडला यातलं काही सांगितलं नाही. वडिलांचा फोन आला, की बाहेर जिन्यात जाऊन "बरं चाललंय" एवढंच म्हणायच्या. पुढं संघानं त्यांना या कामावरून काढायला सांगितलं आणि साहेबांनी काढलं. कुणाशी न भांडता ताईंनी राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाल्या. आम्हीही फार आग्रह केला नाही, आणि आम्हाला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. आता त्या कुठं असतात, मला नीट माहीत नाही.

मागच्या आठवड्यात मी फोनची रेकॉर्डिंग तपासत होतो. एक म्हातारा घाईनं बोलत होता, "डॉक्टर येऊन गेले बघा, झालं आमचं काम." एजंटनं भेट बंद केली नाही. त्यानं विचारलं, "गाय आत्ता उभी आहे का? एकदा बघून सांगाल का? मी थांबतो."

"थांबा हां," म्हातारा म्हणाला. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग लांब जाणाऱ्या चपला, आणि गोठ्याकडून त्याचा आवाज, "ऊठ, बाई. ऊठ की."