हाक पोचते तेवढी उंची

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खळ्यातली सोलं काढणं. आज फडताळातली बरणी उघडली, आधी मिठाचा आणि त्याच्या मागून उन्हात तापलेल्या सालीचा आंबट वास आला, आणि ती संध्याकाळ होती तशी समोर येऊन उभी राहिली. तुम्ही आमसुलं म्हणत असाल, आमच्या किनाऱ्याला सोलं म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीला कोकमाचे रातांबे पिकले की ते फोडायचे, आतल्या गराला मीठ लावून त्याचा रस काढायचा, त्या रसात साली बुडवायच्या, सकाळी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उन्हाला घालायच्या, संध्याकाळी काढायच्या, परत बुडवायच्या. रस पिऊन पिऊन साल काळी पडते, चामड्यासारखी होते, तेव्हा कुठे ते सोल झालं म्हणायचं. तोवर माणसाने आभाळाकडे बघत राहायचं. एक सर आली की सगळं बुरशीला गेलं.

ती सोलं तिच्या जुन्या लुगड्यावर घालायची. चार टोकांना चार दगड. काढायच्या वेळी दगड बाजूला सारायचे, दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती म्हणायची, "धरा." मी धरायचो. मग म्हणायची, "उचला." एका वेळी उचललं की सोलं सरसरत मधे गोळा व्हायची आणि लुगड्याची झोळी व्हायची. ती झोळी दोघांनी अंगाअंगाने चालत पडवीत न्यायची. त्यात शिकण्यासारखं काही नाही. फक्त दोन माणसं लागतात. त्या दिवशीही असंच काढलं. झोळी पडवीत ठेवली, तिने एक सोल उचलून दाताखाली धरलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "उद्या एक ऊन गावला की झाला." आणि हात धुवायला मागीलदारी गेली.

तिथेच खाली बसली ती. पण त्याआधी मला तुम्हाला दुसरंच सांगायचं आहे, कारण ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही.

मी आयुष्यभर माडावर चढलो. शाळा चार यत्ता झाली आणि मग कमरेला कोयता लागला तो गुडघे जाईपर्यंत. लोकांच्या वाड्यांतले नारळ पाडायचे, झावळं साफ करायची. माडाच्या शेंड्यात बसलं की दुनिया वेगळी दिसते. खाली माणसाला आपलं कुंपण दिसतं, वर बसलं की कुंपणं मोडूनच जातात. कौलं, तळी, खाडीचं वळण, पलीकडे समुद्र, आणि समुद्रावर काही शिजत असेल तर तेही आधी आम्हालाच दिसतं. खाली लख्ख ऊन असायचं आणि मला मात्र पश्चिमेला काजळाची रेघ दिसायची. मग मी तिथूनच हाक मारायचो, "सोलां काढ गो." आमचं घर दोन वाड्या टाकून, तरी ती ऐकायची. वरून मला ती बोटाएवढी दिसायची, पदर खोचत धावताना. शेजारच्या बायका तिला म्हणायच्या, तुझा घोव म्हणजे आमचा रेडिओ आसा. तिला त्याचा राग यायचा, आणि अभिमानही वाटायचा. मला उंची म्हणजे एवढंच माहीत होतं. जिथून हाक मारली की खाली पोचते, ती उंची. त्याच्या वर माणसाचं काय काम?

मुलगा जहाजाच्या धंद्यात लागला आणि क्वालालंपूरला घर केलं. आम्हाला एकदा तिकडे नेलं. तिथे तो नावाजलेला मनोरा आहे, शहर बघायचा. देशोदेशीची माणसं रांग लावून वर जातात. मला खरं तर जायचं नव्हतं. माड चढून उतरलेल्या माणसाला पैसे देऊन वर जायची काय हौस असणार. पण तिला जायचं होतं. "तुमी जन्मभर वयर बसान बघलात," ती म्हणाली, "माका एकदा बघूंदे." खरंच होतं ते. मी वरून काय काय दिसतं ते येऊन सांगायचो आणि ती भात वाढत ऐकायची. तिने कधी बघितलं नव्हतं.

लिफ्टचा पाळणा वर निघाला तसे कान बंद झाले. तिने माझं मनगट धरलं ते दार उघडेपर्यंत सोडलं नाही. वर गोल दालन, चहूबाजूंनी काच, आणि काचेपाशी माणसंच माणसं, फोन उंच धरलेली. माझं म्हणाल तर मला जरा फसवल्यासारखं झालं. वारा नाही. माडाच्या शेंड्यात बसलं की झाड हलतं, आपण हलतो, पोटात समुद्र हलतो. इथे सगळं थंडगार आणि स्थिर, आणि खालचं शहर चित्रासारखं गप्प. एवढ्या गाड्या धावत होत्या, एकीचा आवाज नाही. मुलगा बोट दाखवून इमारतींची नावं सांगत होता. मी मान हलवत होतो. ती मात्र इमारती बघतच नव्हती. बाईमाणूस नव्या गावात गेलं की आधी कोणाच्या दारात काय वाळत घातलंय ते बघतं, तसं तिचं चाललं होतं.

तिथे नाणं टाकायची दुर्बीण होती. मुलाने नाणं टाकलं, तिला पुढे उभं केलं. जरा वेळाने ती म्हणाली, "अगो बाय माझे. सोलां."

मुलगा हसला. "आये, हंय खंयची सोलां?"

पण ती हटेना. मला ओढून दुर्बिणीला लावलं. जुन्या वस्तीतल्या एका घराची गच्ची होती. गच्चीवर चौकोनी कापड, आणि कापडावर काहीतरी लाल वाळत पडलेलं. मिरच्या असतील, आणखी काही असेल. सोलं नव्हती हे मलाही कळत होतं आणि तिलाही कळत असणार. पण लाल होतं आणि बाईच्या हातचं होतं, तेवढं तिला पुरलं. आणि त्याच वेळी मला दुसरंही दिसलं. शहराच्या त्या अंगाला आभाळ काळं झालं होतं आणि पाऊस घरं गिळत पुढे येत होता. माडावरून दिसायचा तसाच. गच्चीवर अजून ऊन होतं. त्या बाईला काही माहीत नव्हतं.

"तुमी हाक मारा," ती म्हणाली.

"हंयसून?"

"तुमची हाक पोचता."

"मधी काच आसा गो. लोक काय म्हणतले?"

"लोकांचा काय भिजता? भिजता ता तिचा."

आता तुम्ही हसाल, पण मी मारली. दोन्ही हात तोंडाशी धरून, काचेला नाक लावून, पोटातून मारली, "सोलां काढ गो, पाऊस इलो." अख्खं दालन वळलं. एक पोर रडायला लागलं. मुलगा कानापर्यंत लाल झाला. "बाबा, लोक बघतत," एवढंच म्हणत राहिला. पहाऱ्यावरचा माणूस आला, आमच्याकडे बघितलं, ती त्याला मालवणीत समजावायला लागली की तिथे खाली एक बाई आहे आणि तिचं वाळवण भिजणार आहे. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तोही काचेपाशी येऊन ती दाखवत होती तिकडे बघायला लागला. ती परत दुर्बिणीला लागली. तेवढ्यात आत खटकन झालं आणि दुर्बीण काळी झाली. नाण्याची मुदत संपली होती. मुलाने खिसा चाचपून दुसरं नाणं काढेपर्यंत पाऊस त्या वस्तीवर आला होता आणि पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं.

त्या मनोऱ्याचं आमच्या घरी एवढंच राहिलं. इमारती विसरलो, रांग विसरलो, काय खाल्लं ते विसरलो. पण दर उन्हाळ्यात लुगडं पसरताना तिला आठवायचं. "त्या बायन काढल्यान काय नाय, कोणाक ठाऊक." मी म्हणायचो, काढल्यान गो, तिचो घोव घरात आसतलो, दोघांनी मिळून काढल्यानी. ती म्हणायची, "आणि नसलो तर?" मी बिडी पेटवायचो. मला तेव्हा हे बायकांचं खुळ वाटायचं. परक्या देशातल्या परक्या बाईच्या मूठभर मिरच्यांची एवढी काळजी. तिला काय बोचत होतं ते मला फार उशिरा कळलं. तिला भिजल्याचं वाईट वाटत नव्हतं. दिसत असून काही करता आलं नाही, ते तिला बोचत होतं.

तर त्या संध्याकाळी मागीलदारी ती खाली बसली, पाण्याचा तांब्या गडगडत गेला, आणि मी हाक मारली तर वळून बघितलं नाही. शेजारच्या रिक्षाने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेली. त्यांनी तिला आत घेतलं आणि मला बाहेर ठेवलं. मधे काच. ह्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनी धावपळ केली. आतून एक नर्स आली, पोरगीच होती, म्हणाली, "आजोबा, यांच्या बोटांना काय लागलंय? पुसलं तरी जात नाही."

"सोलां," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि आत गेली. काचेतून मला ती दिसत होती, खाटेवर, बोटाएवढी नव्हे, पुरी. तिच्या छातीवरची चादर हलताना दिसत होती. यंत्रावर हिरवी रेघ पळत होती आणि आवाज येत नव्हता. हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग उतरत चालला, आणि मला ते येताना दिसत होतं, समुद्रावरून दिसायचं तसं, तिच्या आधी मला. मी हाक मारली. तशीच, दोन्ही हात तोंडाशी धरून. बाकावरची माणसं वळली. या खेपेला लोक बघतत म्हणायला मुलगा नव्हता. जन्मभर माझी हाक दोन वाड्या ओलांडून गेली. त्या दिवशी ती एवढीशी काच ओलांडून गेली नाही.

मुलाला विमान मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच अग्नी दिला. लोक येऊन बसले, बोलले, गेले. ती वरून बघते आहे असं दोघातिघांनी मला सांगितलं. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. आणि बघत असली तरी काय? वरून बघणं कसलं असतं ते आम्ही दोघांनी बघितलेलं आहे.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती वासाने. पडवीत लुगड्याची झोळी तशीच पडली होती, आणि वासात खालून जरा कुबटपणा यायला लागला होता. एक ऊन हवं होतं, ती म्हणाली होती. मी झोळी सोडली, लुगडं खळ्यात ओढत नेऊन पसरलं, टोकांवर दगड ठेवले. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा पाय पसरून बसूनच एकेक सोल सुटं केलं. शेजारची वहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, चहा घेऊन आली ती कुंपणापाशीच थबकली.

"भावजीनू, सुतकात सोलां घालूची नसतत. खाणार कोण ती?"

"सुतक माका आसा," मी म्हटलं. "सोलांक कित्याक?"

तिने पेला दगडावर ठेवला, डोळ्यांना पदर लावला आणि गेली.

ऊन बरं पडलं होतं. साली चमकायला लागल्या, वास बदलला. मी पायरीवर बसून आभाळ बघत होतो. खालून बघणं मला येत नाही. खाली बसलेल्या माणसाला डोक्यावर आलेलंच दिसतं. तेवढ्यात खळ्यावरचं ऊन गेलं. मान वर केली तर माडांच्या शेंड्यांमागून एक काळा ढग थेट घरावर आला होता. मी उठलो. दगड सारले. अलीकडची दोन टोकं धरली, आणि तसाच उभा राहिलो. आता ती "उचला" म्हणेल म्हणून उभा राहिलो. पलीकडची दोन टोकं जमिनीवर पडलेली दिसत होती.

मग ओढलं. सगळं ओझं एका अंगाला गेलं, थोडी सोलं मागे सांडत आली, अजून ओल्या सालींचा रस लुगड्यातून पाझरला आणि खळ्यातून पडवीपर्यंत सारवणावर लाल ओळ उमटली. पडवीत आणून टाकली आणि धापा टाकत वर बघितलं.

पाऊस आला नाही. ढग तसाच डोंगराकडे गेला आणि खळ्यात परत ऊन पडलं. जरा वेळ बसलो, थंड झालेला चहा प्यायलो. मग उठून लुगडं त्या लाल ओळीवरूनच परत खळ्यात ओढत नेलं, आणि सोलं उन्हात घातली.