पहिलाच भाव खरा

आळेफाट्याच्या चौकात मुंबईच्या विमानतळाला जाणारी जीप उभी होती आणि माझे पाय गाळ्याच्या पायरीवरून हलत नव्हते. शटर मीच ओढलं, कुलूप मीच लावलं, चावी नव्या मालकाच्या हातात ठेवली. नवरा गेल्यापासून ह्याच पायरीवर बसून मी नाशिक-नगरच्या प्रवाशांना डाळिंबं आणि कलिंगडं विकली होती, लेकीला नर्सिंग शिकवलं होतं. दादा, माझा थोरला भाऊ, पेढे घेऊन आला होता. चार माणसांत म्हणाला, "बाई, तिकडं कॅनडात तुझं तोंड चालायचं न्हाई हां."

सगळे हसले. मी म्हणाले, "शिकवणी लावून तुझं तरी कुठं चाललं?" मग तोही हसला. मी मात्र माळशेजचा घाट लागेपर्यंत दातावर दात दाबून बसले होते. वर राग होता, त्याखाली भीती.

शिकवणीचं सांगते, कारण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. माहेरी महाळुंग्यात असताना दहावीला मी इंग्रजीत राहिले. दादा माझ्या आधी राहिला होता. अण्णांनी, आमच्या वडलांनी, त्याला मंचरला शिकवणी लावली आणि मला बाजारात टोपलीमागं बसवलं. म्हणाले, "तोंड हाय त्याला वाट हाय." दुसरं शिकवलं ते असं: "पयला भाव कधी खरा सांगायचा नसतो." आपण दुप्पट सांगायचं, गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, मधे कुठंतरी सौदा बसतो. त्या एका धड्यावर मी टोपलीवरून गाळ्यावर आले. दवाखान्यातही तोच धडा चालायचा. पोराला ताप आहे म्हटलं तर कोणी मान वर करायचं नाही; पोरगं हातचं चाललं म्हटलं की खुर्ची सरकायची.

कॅनडातून मी तुम्हा गावाकडच्यांना फोनवर बर्फ दाखवला, भीती दाखवली नाही. इथल्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा फ्लॉवरचा गड्डा उचलला, काउंटरवरच्या पोरीला "टू मच" म्हणाले, गड्डा ठेवला आणि दाराकडं निघाले. सावकाश, कान मागं ठेवून. आळेफाट्याला गिऱ्हाईक चार पावलं गेलं की "ओ मावशी, या माघारी" अशी हाक येतेच. इथं कोणी हाक मारली नाही. पोरगी पुढच्या माणसाला "हॅव अ गुड डे" म्हणाली. दाराबाहेर थंडीत मी रिकाम्या हातांनी उभी राहिले. माझ्या तोंडाला इथं गिऱ्हाईकच नव्हतं.

सुजाताने, माझ्या लेकीने, मला बोलावलं होतं ते नातवासाठी. निहाल पाच वर्षांचा, त्याला दमा. जावई दुसऱ्या शहरात कामाला, आठवड्याने यायचे. सुजाता म्हणाली, "आई, अँब्युलन्सला फोन करून तुला बोलता आलं, की मी त्याला तुझ्यापाशी एकटा ठेवीन. न्हाई तर…" पुढचं मला कळलं. न्हाई तर मी इथं पाहुणी, आणि गाळ्याची चावी तर देऊन बसलेली.

तिने वाक्यं माझ्या फोनवर स्वतःच्या आवाजात भरून दिली. भाकरी थापताना मी ती म्हणायचे. माय ग्रँडसन हॅज अस्थमा. प्लीज सेंड अँब्युलन्स. निहाल म्हणायचा, "आज्जी, यू आर शाउटिंग." अरे बाबा, हा आमचा साधा आवाज. महिन्याभराने सुजाताने परीक्षा घेतली आणि मला पास केलं.

मग ती दुपार आली. निहाल बर्फात खेळून आला तोच शिट्टीसारखा श्वास घेत. पंप दिला, फरक नाही. बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. सुजाता ड्युटीवर, फोन उचलेना. मी अँब्युलन्सचा नंबर, नऊ-एक-एक, फिरवला, पत्ता बरोबर सांगितला. तिकडच्या बाईने सपाट आवाजात विचारलं, "इज ही ब्रीदिंग?"

तो सपाट आवाज मला ओळखीचा वाटला. खुर्चीवरून न उठणाऱ्या माणसाचा आवाज. निहालचा श्वास चालू होता, मला दिसत होता. तरी जीभ आपोआप बोलून गेली, "नो. नो ब्रीदिंग. ही इज डाइंग."

तिने त्यातलं काहीच कमी केलं नाही. मी सांगितला तोच भाव तिने धरला. आवाज एकदम बदलला. पोराला जमिनीवर निजवा, छातीवर हात ठेवा, जोरात दाबा, असं ती भराभर सांगायला लागली. फ्लोअर, चेस्ट, पुश, हे शब्द मला कळत होते. फोन स्पीकरवर होता आणि निहालला तर सगळंच कळत होतं. तो माझ्या हातांकडं बघत मागं सरकला.

इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते. ह्या बाईला आता खरं सांगितलं तर ती माझा कुठला शब्द धरील? खोटारडी म्हणून फोन ठेवला तर? मी म्हणाले, "सॉरी. आय टेल राँग. ही इज ब्रीदिंग. लिटल, लिटल. व्हेरी हार्ड." भरून दिलेल्या वाक्यांत ह्यातलं एकही नव्हतं.

ती मग म्हणाली, "ओके. कीप हिम सिटिंग अप. दे आर कमिंग." मी त्याला छातीशी बसता धरला. अँब्युलन्सवाले आले, मास्क लावला आणि त्याच्या ओठांवर रंग आला.

सुजाता आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, तो "नो" सुद्धा. ती बराच वेळ निहालचे पाय चोळत बसली. मग म्हणाली, "उद्या माझी सकाळची ड्युटी हाय. तो तुझ्यापाशीच राहील." ते ऐकून मी आणखीच भ्याले. अजून भिते. इथं तोंडातून निघालेला शब्द जसाच्या तसा उचलला जातो.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. चाललं का गं तोंड, म्हणून त्याने डिवचलं. मी म्हणाले, चाललंय की. पोराला जरा श्वास लागला व्हता, फोन केला, ते आले, काय न्हाई.

दादा गप्प झाला. मग हळू म्हणाला, "लई भ्याली व्हतीस व्हय गं?"

मी त्याला भीतीचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. माझ्या "काय न्हाई"त किती मिळवायचं हे त्याला ठाऊक होतं. शिकवणीचं मी अजून विसरलेले नाही, दादा, आणि विसरणारही नाही. पण आता घर म्हटलं की मला गाळा आठवत नाही, महाळुंग्याचं दारही नाही. तुझं ते गप्प होणं आठवतं.