सांडूबाईचा कॅमेरा

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे सांडूबाई म्हणायचे. पाण्याचा पेला हातात दिला की अर्धा वाटेतच. आई कपाळाला हात लावायची, "देवाने हिला हात दिलेत की चाळण्या!" तीच सांडूबाई आज इस्पितळात ऑपरेशनच्या वेळी कॅमेरा धरते. आणि मी, तिचा थोरला भाऊ, बेकरीतला भट्टीवाला, हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. ऐकायचं नसेल त्याने पाव दुसरीकडून घ्यावा.

कॅमेरा म्हणजे फोटोवाल्याचा नव्हे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटाला बारीक भोकं पाडतात. एकातून कॅमेऱ्याची नळी आत, बाकीच्यांतून हत्यारं. सर्जनबाई पोटाकडे बघत नाहीत, समोरच्या पडद्याकडे बघून काम करतात. म्हणजे त्यांचे डोळे आमच्या सांडूबाईच्या हातात! शिकत होती तेव्हा लाटण्याला टॉर्च बांधून भिंतीवरच्या खिळ्यावर उजेड धरून बसायची. मी चिडवायचो, "काय गं, खिळा पळून जाणार आहे का?" ती ढिम्म हलायची नाही.

मग एकदा भट्टीपुढे माझ्याच बरगडीखाली अशी कळ आली, की पावांचा अख्खा ट्रे हातातून सुटला. सांडूबाईचाच भाऊ! तिच्याच इस्पितळात तपासलं, पित्ताशयात खडे निघाले. सर्जनबाई म्हणाल्या, "सूज फार आहे. पित्ताशय दुर्बिणीने काढायचा प्रयत्न करू, पण आत नीट दिसलं नाही तर पोट उघडावं लागेल. मग कित्येक महिने जड उचलायचं नाही."

मैद्याचं पोतं उचलायचं नाही, म्हणजे भट्टी बंद. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

घरच्या माणसाच्या ऑपरेशनला उभं राहायचं नाही, ही तिथली रीत. पण दुसरा कॅमेरावाला नेमका तापाने आडवा झाला. मी हटून बसलो, "कॅमेरा हीच धरेल, नाहीतर मी हा चाललो."

"दादा, गप्प बस! माझा हात थरथरला तर?"

"तर सांडलं म्हणू. सवय आहे आपल्याला."

ती हसली नाही. सर्जनबाईंनी तिला विचारलं, "हात हलला तर तुला बाजूला करून मी सरळ पोट उघडेन. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

शुद्धीवर आलो तसं आधी पोट चाचपलं. चार चिमुकल्या पट्ट्या. जिंकलो!

दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी त्यांच्या खोलीत मला चित्रण दाखवलं. आत सगळं लालबुंद, एकमेकांना चिकटलेलं. त्या जपून एकेक पदर सोडवत होत्या आणि चित्र जागचं हलत नव्हतं. मला तो भिंतीवरचा खिळा आठवला. पित्ताशयाच्या नळीला चिमटे लागले, ते सुटलं, पिशवीत घालून बाहेर निघालं. आणि मग एकदम सगळं चित्र लटलटा हलायला लागलं.

"हे काय? मशीन बिघडलं?"

"मशीन कसलं बिघडतंय! मी तिला म्हटलं, झालं गं, वाचलं तुझ्या भावाचं पोट. आणि बाईसाहेब रडायला लागल्या."

तेवढ्यात सांडूबाई माझा चहा घेऊन दारात आली. अर्धा कपात, अर्धा बशीत.

"आण इकडे," म्हणालो, आणि बशीतला आधी प्यायलो.