मेजवानीचं कार्ड

पाळकसाहेबांनी मेजवानीचं कार्ड पुन्हा टेबलावरून खाली ढकललं. मी ते उचललं आणि परत शेवटी ठेवलं. त्यांनी परत ढकललं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बेंगळुरूत व्हाइटफील्डमधल्या एका रिहॅब सेंटरसाठी पेशंटच्या घरी जाऊन सेशन घेते. पाळकसाहेब मूळचे नगरकडचे. चर्चमध्ये आयुष्यभर मराठीत प्रवचनं केली, रिटायर झाल्यावर शाळेत शिकवणाऱ्या मुलीकडे, कृपाताईंकडे, इथे राहायला आले. मग स्ट्रोक आला आणि भाषा गेली. याला अफेझिया म्हणतात. माणसाला समजतं बरंच, पण शब्द सापडत नाहीत. मराठी बोलणारी थेरपिस्ट मीच होते, म्हणून केस माझ्याकडे आली.

नेहमीचा सराव त्यांना कंटाळवाणा वाटायचा. मग मी त्यांचीच गोष्ट घेतली. येशूने सांगितलेला उधळ्या मुलाचा दृष्टांत. धाकटा मुलगा वाटणी मागून घर सोडतो, सगळं उधळतो, उपाशी परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी देतो. मला शाळेपासून गोष्ट एवढीच माहीत होती. मी चित्रांची कार्डं केली. ती क्रमाने लावायची आणि जमेल तो शब्द बोलायचा. सगळी कार्डं बरोबर लागायची. शेवटचं तेवढं खाली.

आमच्या हेड मॅडमना हे सांगितलं.

"सीक्वेन्सिंग जातंय, क्रम लावता येत नाही, म्हणजे फक्त लँग्वेजचा प्रॉब्लेम नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या रिव्ह्यूपर्यंत प्रोग्रेस दिसला नाही तर सेशन बंद करू. वेटिंगमध्ये लोक आहेत. स्वल्प, थोडं प्रॅक्टिकल व्हा."

कृपाताईंना विचारलं, की पप्पा गोष्ट विसरलेत का? त्या नुसत्या "असेल" म्हणाल्या. वडिलांसाठी त्यांनी शाळा सोडली होती. प्रत्येक सेशनला शेजारी बसायच्या, त्यांची लाळ पुसायच्या, मध्ये कधी बोलायच्या नाहीत.

त्या सकाळी आम्ही तिघं टेबलाशी असताना बेल वाजली. कृपाताईंनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. दारात बॅग घेतलेला एक माणूस होता.

"ताई," तो म्हणाला.

पाळकसाहेबांनी मान वळवली. आणि माझ्या कानांनी ऐकलं, स्वच्छ, खणखणीत आवाजात: "ये."

स्ट्रोकनंतर त्यांचा हा पहिला शब्द होता. तो माणूस म्हणजे धाकटा मुलगा प्रकाश, भांडून गेलेला, कित्येक वर्षं फोनसुद्धा न केलेला. त्याने वडिलांचे गुडघे धरले आणि रडायला लागला. मी आनंदाने कृपाताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पाळकसाहेब अस्वस्थ झाले. मेजवानीचं कार्ड त्यांनी मुठीत चुरगाळलं आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवत राहिले. मला काही कळेना. प्रकाशने टेबलावरची कार्डं बघितली.

"मॅडम, गोष्ट इथे संपत नाही," तो हळूच म्हणाला. "मोठा मुलगा राहिला. तो शेतातून येतो, मेजवानी बघून रागावतो, आत येत नाही. मग बाप बाहेर जाऊन त्याची समजूत घालतो."

पेशंटचं उत्तर बरोबर होतं. माझी कार्डं अपुरी होती. आणि पाळकाची मुलगी रोज शेजारी बसून ते बघत होती.

मी आत गेले. कृपाताई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"लहानपणापासून. मोठ्याचं काय झालं ते मला ऐकायचं नव्हतं."

"पण सेशन बंद होणार होती."

"व्हायची तर होऊ देत," त्या म्हणाल्या. "इतके महिने मी भरवते. माझं नाव आलं नाही. त्याला बघितल्याबरोबर 'ये' आलं."

मी समजावायला गेले की नावं सगळ्यात अवघड असतात, 'ये' आपसूक निघतं, त्याचा प्रेमाशी संबंध नाही. त्यांनी हाताने थांबवलं.

मागे चाकांचा आवाज आला. प्रकाशने व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली होती. उंबऱ्यावरून ती पुढे जाईना. पाळकसाहेबांनी चौकट धरली आणि धडपडत उभे राहिले. फिजिओथेरपिस्टच्या आधाराशिवाय ते कधी उभे राहिले नव्हते. प्रकाश धरायला धावला, त्याला त्यांनी झटकलं.

"मी," ते म्हणाले. "मी... आलो."

कृपाताई हलल्या नाहीत. मग पाळकसाहेबांचे पाय लटपटायला लागले तसं पुढे होऊन त्यांनी वडिलांना धरलं. "बसा आधी, पप्पा," एवढंच म्हणाल्या. आवाज मऊ नव्हता. हात मात्र सोडला नाही.

रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं: दोन शब्दांचं वाक्य, स्वतःहून, प्रसंगाला धरून. मॅडमनी वाचलं आणि सेशन चालू ठेवली. प्रकाश बेंगळुरूतच राहिला, सकाळचं सगळं तो करतो. कृपाताई पुन्हा शाळेत जातात. भावाशी कामापुरतंच बोलतात. त्यांचं नाव वडिलांना अजून उच्चारता येत नाही.

तेव्हापासून नवीन केस घेताना मी घरातल्यांनाही विचारते, तुम्ही दिवसभरात कुणाशी बोलता? बहुतेकांचं उत्तर एकच असतं. आमचं राहू द्या मॅडम, पेशंटचं बघा.