देवरेंच्या भावाचं कोरं कपाळ

एकाहत्तरची लढाई सुरू होती. पश्चिमेकडच्या एका तळावर मी बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये कॉर्पोरल होतो, इन्स्ट्रुमेंट फिटर. गाव खानदेशातलं पिंप्राळा. विमानातली घड्याळं, उंचीची, वेगाची, नीट करायचो. घरचं घड्याळ आजही पंधरा मिनिटं मागे आहे.

आमचे पायलट फ्लाइट लेफ्टनंट देवरे धुळ्याचे. हँगरमध्ये इंग्रजी, एकटे सापडले की अहिराणी. "काय भाऊ, मशीन बरं शे ना?" असं विचारल्याशिवाय शिडी चढत नसत.

त्या रात्री ट्रेनिंग सॉर्टी होती. अंधारात खाली येऊन बॉम्बिंगचा सराव. देवरेंनी ब्रीफिंगनंतर फ्लाइट कमांडरला गाठलं. मी शेजारीच होतो.

"सर, उतरताना अल्टिमीटरचा काटा अडकतो, उंची जास्त दाखवतो. काल दोनदा झालं."

"फिटर काय म्हणतो?"

"बदलायला हवा, सर," मी म्हणालो.

साहेब हसले. "याला मागच्या महिन्यात कॉकपिटमध्ये नाग दिसला होता."

दिसला होता, हे खरं. ऑक्सिजनची नळी निघाली. मी विंगवरून उडी मारली, पाय मुरगळला, आणि अख्ख्या स्क्वाड्रनला महिनाभर पुरेल एवढी करमणूक केली.

"लढाई चालू आहे, देवरे. टेक ऑफ."

वहीत स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहायची वेळच आली नाही. तोंडीच निकाल लागला आणि देवरे नेव्हिगेटर थॉमसला घेऊन उडाले.

टॉवरखाली उभं राहून आम्ही रेडिओवर देवरेंचा आवाज ऐकत होतो. "डिसेंडिंग." मग काही नाही. टॉवरने तीनदा हाक मारली. क्षितिजावर लाल उजेड दिसला. आवाज नंतर आला.

चौकशीत साहेब म्हणाले, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी उभा राहून सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे नागाची गोष्ट काढली. बोर्डातले दोघे हसले. निकाल लागला: पायलट एरर.

आमच्याकडे दहनानंतरच्या दिवसांत घरचे कपाळ कोरं ठेवतात. मग गंधमुक्तीला गंध लावतात आणि सुतक सुटतं. देवरेंच्या घरी बठ्ठ्यांनी, अगदी सगळ्यांनी, लावून घेतलं. धाकटा भाऊ, नाना, उठून गेला. "भाऊवरना डाग निघाल्याबिगर नही." लग्नातही त्याने कपाळाला कुंकू लावू दिलं नाही. सासरे रुसले ते रुसलेच.

गेल्या हिवाळ्यात धुळ्यात माजी सैनिकांचा मेळावा ठरला. प्रमुख पाहुणे तेच साहेब. नव्वदीच्या आसपास, पण ताठ. मी भरिताची जबाबदारी मागून घेतली. सूडाची माझी अक्कल तेवढीच: साहेबांच्या वाटणीच्या भरितात दुप्पट मिरच्या ठेचल्या. साहेबांनी दोनदा मागून खाल्लं. आंध्रात वाढलेले, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. चव बघताना लागलेली उचकी माझी मात्र थांबेना.

नानाही आला होता; चौकशीत काय झालं ते मीच त्याला कधीचं सांगितलं होतं. माझी उचकी बघून म्हणाला, "तू राहू दे, भाऊ." स्वागताचं ताट त्याने उचललं आणि स्टेजवर गेला. साहेबांना गंध लावलं नाही. ताट त्यांच्यापुढे धरलं.

"साहेब, मी देवरेंचा भाऊ. हे कपाळ तेव्हापासून कोरं शे. लावा तुम्ही गंध. पण आधी माईकमध्ये सांगा, मना भाऊनी चूक व्हती का?"

साहेबांनी गंधात बोट बुडवलं. दुसऱ्या हाताने माईक जवळ ओढला. माझी उचकी तेवढी चालू होती.

"नाही," साहेब म्हणाले. "काटा अडकतो हे त्याने मला सांगितलं होतं. मी पाठवलं. चौकशीत मी खोटं बोललो."

आणि त्यांनी बोट पुढे केलं.

नानाने मान मागे घेतली. "सांगितलं, ते बरं झालं. पण तुमना हातना गंध माले नको."

ताट घेऊन तो खाली माझ्याकडे आला. मी लावलं. तेवढ्यात उचकी आली, टिळा भुवईवर गेला. नानाने पुसला नाही.

मग त्याने माईक घेतला. "फ्लाइट लेफ्टनंट देवरे. नेव्हिगेटर, फ्लाइंग ऑफिसर थॉमस."

मांडव उभा राहिला. खुर्चीचे हात धरून साहेबही उठायला लागले.

"तुम्ही बसा, साहेब," नाना म्हणाला.

ते बसले. आम्ही उभे होतो.