नायिकेपुढची मेथी

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी वर्ध्यातल्या एका कॉलेजात सिनेमाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि ही बातमी ऑफिसात स्वतःच फोडली. तेव्हापासून मी ‘डायरेक्टर साहेब’.

पहिल्याच परीक्षेत साहेब आपटले. मॅडमनी तीन मिनिटांचं एक दृश्य दाखवलं. आठवडी बाजार, भाजीच्या टोपलीच्या अल्याड नायिका, पल्याड नायक, प्रेमाची कबुली, तिचे अश्रू. पडद्यावर दिसेल तेवढ्यावरूनच काहीतरी नवं सांगायचं होतं. मी उठलो, दोन्ही हात पसरले आणि गर्जलो, “अभिनय काळजाला भिडला!” विशीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

“काका, हे मत झालं,” माझ्या पुतणीच्या वयाच्या मॅडम म्हणाल्या. “पुरावा कुठे आहे? सोमवारी पुन्हा सांगा. तेव्हाही नाही जमलं, तर वर्गात खुशाल बसा, पण सर्टिफिकेट मिळणार नाही.”

सर्टिफिकेटविना ऑफिसात कोणत्या तोंडानं जाणार? रविवारी नालवाडीच्या घरी मी ते दृश्य अकरा वेळा पाहिलं. कॅमेरा कुठे, उजेड कुठून, सगळं वहीत उतरवलं. नवं काही सापडेना. बाराव्या वेळी बायको तुरीच्या शेंगा सोलत मागे येऊन उभी राहिली. तिचं माहेर हिंगणीचं, भाजीवाल्यांचं. लग्नाआधी ती बाजारासाठी जुड्या बांधायची.

“अजी, मेथी पाहा न.”

“मी नायिका पाहून राह्यलो.”

“थे तं दिसूनच राह्यलं. मेथी पाहा म्हनलं.”

पाहिली. नायक बोलताना टोपलीतली मेथी ताठ. नायिका बोलताना त्याच मेथीनं मान टाकलेली. पुन्हा नायक, पुन्हा ताठ!

“त्याचं बोलनं सकाळचं हाय, तिचं दुपारी तीनचं,” बायको म्हणाली. “थो कवाचाच जेवाले गेला असन.”

“मंग थे बोलते कोनासंग?”

“तुमीच सांगा, डायरेक्टर साहेब.”

सोमवारी मी हे सगळं वर्गात असं काही सादर केलं, जणू मेथीवर माझी हयात गेली. बायकोचं नाव? ते गडबडीत राहून गेलं.

“अगदी बरोबर!” मॅडम खूश झाल्या. “आधी एकाचे सगळे शॉट घेतात, मग कॅमेरा फिरवून दुसऱ्याचे. पण काका, तीनच कशावरून?”

आता माझीच मान मेथीसारखी पडली. पोरं खुदखुदू लागली. नाइलाजानं मी फोन काढला, स्पीकर लावला.

“अवं, तीनच कायवरून?”

“पानी मारलं हाय न तिच्यावर, बाजारात थे तीनलेच मारते. दुपारच्या मेथीले पानी मारलं का पानं चमकते, पन देठ काई उभं राह्यत नाई. काल सांगतलं व्हतं न तुमाले? कुठी ध्यान असते?”

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले डोकावून गेले. मॅडमनी माझ्या हातातून फोनच घेतला.

“काकू, आणि ते प्रेमाचं दृश्य कसं वाटलं तुम्हाला?”

“त्याचं राहू द्या. पोरीचं खरं व्हतं. समोर कोनी नसतानी रडली थे.”

मॅडमनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, मग माझ्याकडे वळल्या. “काका, तुम्ही पास. पण पुढच्या सोमवारी एकटे येऊ नका.”

पुढच्या सोमवारी ती आली. थेट पहिल्या बाकाच्या टोकाला बसली आणि “तुमचं डोकं पडद्याच्या मधात येते,” म्हणत मला मागच्या बाकावर धाडलं.