विनिफ्रेडबाईंची सही

रविवार. प्रार्थनेनंतर चर्चमध्ये चहाच्या टेबलावर कुणीतरी अर्ज ठेवला होता: युरोपीय महासंघातून बाहेर पडायचं का, यावर देशाने पुन्हा मतदान घ्यावं. वेदीची फुलं सांभाळणाऱ्या आमच्या विनिफ्रेडबाईंनी तो बाजूला सारला. बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिल्याचं त्या कधीच लपवत नाहीत.

"एकदा हरलात ना? मग गप्प बसा की! जिंकेपर्यंत मतदानच घ्यायचं का?"

प्रभूच्या घरात वाद नको, म्हणून मी चहा ओतत राहिले. त्यांच्या हाताखाली फुलं लावणारी पोलंडची बेआता कपबशा पुसत होती. परदेशी म्हणून तिला आधीच्या मतदानात मताचा हक्क नव्हता. ती हसत म्हणाली, "बाई, ईस्टरआधीच्या उपासात वेदीवर फुलं नकोत असं ठरलं, तेव्हा तुम्हीच पुन्हा हात वर करायला लावले होते!"

"अगं, ती डॅफोडिलची पिवळी फुलं होती. बाहेर काढवेनात मला."

"आणि मला बाहेर काढवलं?"

"तुला कुठे धरलं होतं त्यात, वेडे! ते बाकीचे…"

"बाकीचे म्हणजे इथल्या शेतात कोबी तोडणारा माझा भाऊच ना, बाई?"

बाईंची मान लाल झाली. त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "आता सही केली, तर तुझ्या तोंडाकडे बघून केल्यासारखी होईल."

"मग तसंच करा. तेव्हा मत देताना आमच्या तोंडाकडे कुणी बघितलंच नव्हतं."

बाईंनी सही केली, पण तिच्याकडे मान वर करून बघणं त्यांना जमलं नाही.